खोकल्याची बाटली आणि मनाची गोळी

सुरतेच्या पूर्वेला, कडोदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पर्वत पाटिया लागतं. एका अंगाला कापड मार्केटांची रीघ, दुसऱ्या अंगाला गोडादरा, लिंबायत, डिंडोली अशा दाट वस्त्या. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरत-भुसावळ रेल्वेने आलेल्या कितीतरी खानदेशी कुटुंबांनी इथेच घर केलं. कुणी लूमवर, कुणी साड्यांच्या घडी-पॅकिंगला, कुणी मार्केटातल्या पार्सलच्या ओझ्याखाली. थंडी पडली की या भागातल्या मेडिकलवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘कोरड्या खोकल्याची बाटली द्या.’ डॉक्टरांची चिठ्ठी कधी असते, बहुधा नसते.

त्यातली एखादी बाटली फिरवून मागचं लेबल वाचावं. अक्षरं इतकी बारीक की चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्मा लावावाच. प्रत्येक 5 मिलीत क्लोरफेनिरामाइन मॅलिएट 2 मिलिग्रॅम : हे सर्दीचं, झोप आणणारं. फेनिलेफ्रिन 5 मिलिग्रॅम : चोंदलेलं नाक मोकळं करायला. आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड 10 मिलिग्रॅम. खोकला दाबण्याचं खरं काम या तिसऱ्याचं. नाव एवढं लांब की दुकानदारही ते घेत नाही, ब्रँडच्या नावानेच बाटली पुढे सरकवतो.

हाच पदार्थ 19 ऑगस्ट 2022 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीव्र नैराश्यावरच्या गोळीचा घटक म्हणून मंजूर केला. त्याच्याही बारा वर्षं आधी, 2010 मध्ये, मेंदूच्या एका विचित्र विकारावर त्याला मान्यता मिळालेली होती. कोरड्या खोकल्याचं औषध मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर येतं कसं, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे. शिवाय त्या गोष्टीतला एक काळा अध्याय थेट कोल्हापुरात घडलेला आहे.

सुरुवात अफूपासून. अफूतून मिळणारं कोडीन खोकल्यावर उत्तम चालतं, पण त्याची सवय लागते आणि पोटही घट्ट बसतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर औषध कंपन्या कोडीनला पर्याय शोधत होत्या. खोकला थांबला पाहिजे, पण चटक लागता कामा नये. स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश कंपनीत ओटो श्नायडर आणि त्यांचे सहकारी मॉर्फिनशी नातं सांगणारे नवे रेणू बनवत होते. अमेरिकेत तर या शोधात नौदल आणि सीआयए यांचाही पैसा होता. त्यातून डेक्स्ट्रोमेथॉर्फन पुढे आलं. मेंदूच्या तळाशी खोकल्याची उबळ सुरू करणारी जी यंत्रणा असते, तिला ते शांत करतं, पण अफूची धुंदी देत नाही. 1958 मध्ये अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय मिळू लागलं आणि ‘रोमिलार’ नावाच्या गोळ्या घरोघर पोचल्या.

कुळ अफूचं आणि गुण अफूचे नाहीत, हे कसं काय? याचं उत्तर रेणूच्या आकारात आहे. या रेणूची दोन रूपं असतात. अणू तेच, जोडणीही तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. डाव्या-उजव्या पायाच्या चपलेसारखी ही जोडी समजा. दिसायला सारखी, पण डावी उजव्या पायात बसत नाही. उजवं रूप म्हणजे डेक्स्ट्रोमेथॉर्फन. डावं रूप लेव्होमेथॉर्फन. डाव्या रूपाचं शरीरात लेव्होर्फेनॉल होतं आणि ते मॉर्फिनहून कितीतरी जोरकस अफूजन्य औषधासारखं वागतं. श्वास मंदावतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, माणूस गाढ बेशुद्धीत जातो. म्हणूनच 1961 च्या आंतरराष्ट्रीय मादक द्रव्य करारात लेव्होमेथॉर्फन कडक नियंत्रणाखाली आहे आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनला मुद्दाम वगळलेलं आहे. कारखान्यात मात्र ही दोन भावंडं एकत्रच जन्मतात. उजवं वेगळं काढून डावं पूर्णपणे बाजूला सारणं, हाच या धंद्यातला कळीचा टप्पा.

2012 च्या नोव्हेंबरात लाहोरच्या शाहदरा भागात माणसं पटापट मरू लागली. पुढच्याच महिन्यात गुजरांवाला शहरात तेच घडलं. दोन्हीकडचे मृत मिळून आकडा 50 च्या वर गेला. मृतांपैकी बरेच जण नशेसाठी खोकल्याचं सिरप पिणारे होते, त्यामुळे आधी सगळ्यांनी ‘जास्त प्यायले असतील’ असंच धरलं. सिरप दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं होतं आणि साध्या रासायनिक तपासणीत त्यात वावगं काही दिसेना. दिसणार तरी कसं? रेणूचं वजन तेच, घटक तेच. डावं-उजवं वेगळं ओळखणारी खास चाचणी केल्यावर उलगडा झाला की डेक्स्ट्रोमेथॉर्फनमध्ये लेव्होमेथॉर्फन मिसळलेलं होतं, तेही नाममात्र नव्हे. कच्चा माल आला होता कोल्हापूरहून. 30 जानेवारी 2013 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जगभर इशारा दिला. कोल्हापूरच्या कोंडुसकर लॅबोरेटरीजचं नाव या प्रकरणात आलं आणि महाराष्ट्राच्या औषध प्रशासनाने तिथलं उत्पादन थांबवलं.

प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण औषधाच्या व्यापारात पिंपं दूरवर जातात आणि इशारे त्यांच्या मागून रांगत जातात. त्याच वर्षी सप्टेंबरात, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, पॅराग्वेत मुलं इस्पितळात दाखल होऊ लागली. गुंगी, धाप, निळे पडलेले ओठ. 44 जणांची नोंद झाली आणि माग काढत गेल्यावर कच्च्या मालाचं मूळ पुन्हा कोल्हापुरातच सापडलं. कोल्हापुरातल्या एका कारखान्यातली चूक लाहोरच्या गल्लीत आणि दक्षिण अमेरिकेतल्या बाळांच्या घशात उतरली. मराठी वर्तमानपत्रांत या घटनेला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, असं आज मागे वळून पाहताना वाटतं.

आता मेंदूकडे. डावं रूप काढून टाकल्यावर उरलेलं उजवं रूप अगदीच निरुपद्रवी, निष्क्रिय नसतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना उत्तेजित करण्यासाठी ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. त्याला प्रतिसाद देणाऱ्या एनएमडीए नावाच्या ग्राहींना डेक्स्ट्रोमेथॉर्फन अडवतं. सिग्मा-1 नावाच्या दुसऱ्या ग्राहींवरही त्याचा परिणाम होतो आणि सेरोटोनिनच्या पुनर्शोषणाला ते थोडा अटकाव करतं. कागदावर पाहिलं तर मनोविकारांवर चालावं असंच हे सगळं. मग पन्नास वर्षं कुणाला कळलं कसं नाही?

कारण यकृत. आपल्या यकृतात सीवायपी2डी6 नावाचं एक विकर असतं, ते डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं झपाट्याने रूपांतर करून टाकतं. खोकल्याच्या मात्रेत घेतलेल्या औषधातलं फारच थोडं मूळ रूपात मेंदूपर्यंत पोचतं. युरोपीय वंशाच्या साधारण 5 ते 10 टक्के लोकांत हे विकर जन्मतःच दुबळं असतं. आशियाई लोकांत असं प्रमाण बरंच कमी आहे. अशा माणसाला नेहमीची मात्राही जास्त वेळ आणि जास्त जोरात लागू शकते. एकाच बाटलीने घरात एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला गरगरतं, त्यामागे अशी आनुवंशिक कारणंही असू शकतात.

पहिला खुबीदार उपाय काढला कॅलिफोर्नियातले मज्जाविकारतज्ज्ञ रिचर्ड स्मिथ यांनी. स्नायू हळूहळू लुळे करणाऱ्या एएलएस या रोगावर ते डेक्स्ट्रोमेथॉर्फन वापरून पाहत होते. यकृताला थोपवण्यासाठी त्यांनी सोबत क्विनिडीन दिलं. सिंकोनाच्या सालीतलं, क्विनीनचं भावंड असलेलं, हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरलं जाणारं जुनं औषध. ते सीवायपी2डी6 ला बांधून ठेवतं. मूळ रोग काही हटला नाही. पण रुग्ण दुसरंच काही सांगू लागले : ‘ते उगाचचं रडणं-हसणं कमी झालंय.’

उगाचचं रडणं-हसणं हा खराखुरा विकार आहे. पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस, डोक्याला मार, एएलएस अशा दुखण्यांनंतर काही रुग्णांना मनात दुःख नसताना हुंदके फुटतात, आनंद नसताना हसू आवरत नाही. इंग्रजीतलं त्याचं नाव स्यूडोबल्बर अफेक्ट. चार्ल्स डार्विनने 1872 च्या आपल्या भावनांवरच्या पुस्तकात मेंदूच्या काही आजारांत रडू सहज येतं हे नोंदवून ठेवलंय. 2019 चा ‘जोकर’ चित्रपट पाहिलेल्यांना आर्थर फ्लेकचं ते जीव घुसमटवणारं हसू आठवेल. आपल्याकडे पक्षाघात झालेले आजोबा पाहुण्यांसमोर ढसाढसा रडले की घरचे म्हणतात, ‘मन हळवं झालंय आता त्यांचं.’ मन नव्हे, भावनेच्या आविष्काराला लगाम घालणारे मेंदूतले मार्ग दुखावलेले असतात. हे कळलं तर आजोबांचीही लाज कमी होईल आणि घरच्यांची चिडचिडही.

326 रुग्णांच्या चाचणीत 20 मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि 10 मिलिग्रॅम क्विनिडीन यांच्या मिश्रणाने असे झटके प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत जवळपास निम्म्याने कमी झाले. ऑक्टोबर 2010 मध्ये ‘न्यूडेक्स्टा’ नावाने त्याला मंजुरी मिळाली. बनवणारी कंपनी होती अव्हानिर. 2015 मध्ये जपानच्या ओत्सुकाने ती विकत घेतली. मंजुरीनंतर जे व्हायचं तेच झालं. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत, ज्यांना हा विकार आहे की नाही याचीच खात्री नव्हती अशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही ही गोळी दिली जाऊ लागली. 2017 मध्ये सीएनएनने हे चव्हाट्यावर आणलं. डॉक्टरांना आमिषं दिल्याच्या आरोपांवरून 2019 मध्ये अव्हानिरला एकूण 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली. मोडकळीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना गप्प ठेवणारी गोळी हा नेहमीच चांगला धंदा असतो.

नैराश्याची वाट मात्र वेगळ्या दारातून उघडली. 2000 साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी भुलीसाठी वापरलं जाणारं केटामाइन अगदी मोजक्या रुग्णांना शिरेतून दिलं आणि काहींचं नैराश्य काही तासांत, दिवसांत ओसरताना पाहिलं. तोपर्यंतची नैराश्याची औषधं गुण यायला आठवडे घ्यायची. केटामाइनही एनएमडीए ग्राहींना अडवतं. पण ते इस्पितळात, देखरेखीखाली द्यावं लागतं. त्याने भान सुटल्यासारखं वाटतं आणि त्याचा गैरवापरही होतो. मग तोंडाने घेता येईल, घरी घेता येईल असं याच घराण्यातलं सौम्य औषध कोणतं? नजर पुन्हा खोकल्याच्या बाटलीकडे गेली.

न्यूयॉर्कच्या ॲक्सोम थेरप्युटिक्सने या वेळी यकृताला थोपवायला बुप्रोपिऑन निवडलं. त्यातली हुशारी अशी की बुप्रोपिऑन स्वतःच नैराश्यावरचं जुनं औषध. भारतात ते नैराश्यासाठी आणि सिगारेट सोडवण्यासाठी वापरलं जातं. म्हणजे एकाच गोळीत राखणदार आणि कामकरी दोघेही पगारी. 45 मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन, 105 मिलिग्रॅम बुप्रोपिऑन. पहिले तीन दिवस एकदा, पुढे दिवसातून दोनदा, दोन्हींत किमान आठ तासांचं अंतर.

‘जेमिनाय’ नावाच्या चाचणीत 327 रुग्ण होते. नैराश्य 0 ते 60 गुणांच्या एका पट्टीवर मोजलं गेलं. सहा आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांचे गुण सरासरी 15.9 ने उतरले, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे 12 ने. पहिला आकडा वाचून भारावून जाऊ नये आणि दुसरा वाचून नाक मुरडू नये. दिखाऊ गोळीनेही 12 गुण उतरले, यात दर आठवड्याला कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतं याचा वाटा असतो. औषधाचा स्वतःचा वाटा साधारण चार गुणांचा. पण फरक पहिल्याच आठवड्यात दिसू लागला होता, आणि सहा आठवड्यांनी जवळजवळ पूर्ण बरे वाटणारे 39.5 टक्के होते, तर दुसऱ्या गटात 17.3 टक्के. नैराश्याच्या खाईतल्या माणसासाठी आणि त्याच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या घरासाठी लवकर गुण येऊ लागणं ही मोठी गोष्ट आहे. तरीही, ज्यांना आधीची औषधं लागू पडली नव्हती अशा रुग्णांवरची याच कंपनीची दुसरी चाचणी 2020 मध्ये मुख्य कसोटीवर नापास झाली होती. जाहिरातीत ती सहसा दिसत नाही.

एका रोगाचं औषध दुसऱ्याच दुखण्याला लागू पडणं मनोविकारशास्त्राला नवं नाही. नैराश्यावरचं पहिलं आधुनिक औषध, इप्रोनियाझिड, क्षयरोगाच्या इस्पितळातून आलं. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळातले क्षयरोगी ते घेऊन खुलले, जेवू लागले, हिंडू लागले, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं. आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला. पुढे तिच्यातलं रेसर्पिन गंभीर मनोरुग्णांसाठीही वापरलं गेलं.

इथे एक प्रश्न पर्वत पाटियाच्या मेडिकलवर उभ्या असलेल्या कुणाच्याही डोक्यात येईल. औषध तेच, तर महागडी गोळी कशाला, शंभर-दीडशेची बाटलीच प्यावी की! हिशेब करून पाहू. गोळीतून दिवसाला 90 मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन जातं. वर वाचलेल्या बाटलीतून तेवढं मिळवायला 45 मिली, म्हणजे नऊ चमचे सिरप लागेल. त्यासोबत 18 मिलिग्रॅम क्लोरफेनिरामाइन पोटात जाईल. लूमवर उभ्या माणसाने एवढं घेतलं तर हात शटलऐवजी यंत्रात जायचा. त्यासोबत 45 मिलिग्रॅम फेनिलेफ्रिन, जे रक्तदाब वाढवतं. आणि एवढं करूनही राखणदार नसल्यामुळे यकृत त्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनची वासलात लावणारच. म्हणजे नैराश्य जागच्या जागी आणि वर दोन नव्या भानगडी.

उलटा धोका याहून मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन घेणारे अनेक जण असतात. ही दोन्ही औषधं सीवायपी2डी6 ला जोरात अडवतात. म्हणजे तो राखणदार अशा रुग्णाच्या अंगात आधीच हजर असतो. त्याने सर्दी-खोकल्यासाठी न विचारता डेक्स्ट्रोमेथॉर्फनची बाटली घेतली तर औषधाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढू शकतं, आणि दोन्हींमुळे सेरोटोनिनही. घाम, थरथर, स्नायू ताठरणं, ताप, धडधड, बेचैनी अशी त्याची लक्षणं. प्रसंगी जिवावर बेततं. जुन्या पठडीतली एमएओ रोधक औषधं किंवा चिवट जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं लिनेझोलिड घेणाऱ्यांना तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन वर्ज्यच. नव्या गोळीचेही स्वतःचे धोके आहेत : बुप्रोपिऑनमुळे फिट येऊ शकते, चक्कर-मळमळ नेहमीची, आणि तरुणांत उपचाराच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढतात का याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

नशेची बाजू लपवण्यात अर्थ नाही. खोकल्याच्या मात्रेच्या कितीतरी पट घेतलं की हे औषध केटामाइनसारखं भान सोडवतं. साठच्या दशकातल्या अमेरिकेत रोमिलारच्या गोळ्या तरुणांत पसरल्या; रॉक संगीतावर लिहिणारा लेस्टर बँग्ज हा त्यांचा सर्वांत बोलका भक्त. 1973 मध्ये त्या गोळ्या दुकानांतून काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी, फार पिववणार नाहीत अशा चवीची सिरपं आली. पोरं तीही प्यायली. कॅलिफोर्नियाने 2012 पासून अठरा वर्षांखालच्यांना विक्री बंद केली. चीनने 1 जुलै 2024 पासून डेक्स्ट्रोमेथॉर्फनला मनोप्रभावी द्रव्यांच्या यादीत टाकलं. भारतात मात्र नशेसाठी जास्त चालतं ते कोडीनचं सिरप. दारूबंदीच्या गुजरातेत त्याचे साठे पकडल्याच्या बातम्या सुरतेतूनही येतात. मालेगावच्या लूमपट्ट्यात तर ‘कुत्ता गोळी’ या नावाने अल्प्राझोलाम या गुंगीच्या औषधाने उच्छाद मांडला. डेक्स्ट्रोमेथॉर्फन त्या मानाने सभ्य. पण कोडीनवर हात आखडला की वेड्या मागणीची नजर पुढच्या बाटलीवर जाते, हे अमेरिकेने दाखवून दिलं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन हवंच कशाला, असा प्रश्न आहे. 2007 मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेटच्या संशोधकांनी 105 मुलांवर रात्रीच्या खोकल्यासाठी मध आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांची तुलना केली; मध सरस ठरला, आणि औषध काहीच न देण्यापेक्षा वेगळं ठरलं नाही. (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मधही द्यायचा नाही.) 2021 मध्ये दिल्लीत हे सिरप दिलेली 16 मुलं कलावती सरन इस्पितळात पोचली, त्यांतली तीन दगावली, आणि चार वर्षांखालच्यांना ते देऊ नये अशी सूचना निघाली. 2025 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या इस्पितळांत आणली जात होती, तेव्हा पुन्हा ‘खोकल्याचं औषध’ या दोन शब्दांनी आईबापांचा थरकाप उडाला. त्या मुलांनी घेतलेल्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन नव्हतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेलं होतं. दोन्ही प्रकरणांची गल्लत होऊ नये. पण केंद्राने त्याच वेळी काढलेली सूचना सगळ्याच सिरपांना लागू आहे : दोन वर्षांखाली द्यायचंच नाही, पाच वर्षांखाली सहसा नाही.

सुरतेत मनाच्या दुखण्याची चर्चा अलीकडे होते ती हिऱ्यांच्या निमित्ताने. 2024 मध्ये मंदीने हिरे घासायच्या घंट्या थंडावल्या, त्यांवर काम करणाऱ्या रत्नकलाकारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्यांच्या संघटनेने मदतवाहिनी सुरू केली. लूमवाल्यांची बातमी तेवढी होत नाही. बारा तासांची पाळी, कानठळ्या, भाड्याची खोली, गावाकडचं कर्ज. असा माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा ‘उदास वाटतं’ म्हणत नाही. झोप नाही, भूक नाही, अंग दुखतं, असं सांगतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, ज्यात गुजरातही होतं, आयुष्यात कधी तरी नैराश्य आलेले साधारण 5.25 टक्के लोक आढळले, आणि नैराश्य-चिंता यांसारख्या नेहमीच्या मनोविकारांत सुमारे 85 टक्के लोकांना उपचारच मिळालेला नव्हता. आधी हे उपचार मिळणं महत्त्वाचं; नवी गोळी की जुनी, हा पुढचा विचार. पर्वत पाटियाहून उमरवाड्याचं महापालिकेचं स्मीमेर इस्पितळ फार दूर नाही, तिथे मनोविकार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते, भाषाही आपल्याला सोयीची निवडता येते. आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला बाटलीने दाबत बसण्याऐवजी थुंकी तपासून घ्यावी; क्षयरोग निघाला तर त्याचे उपचार सरकारी केंद्रात मोफत आहेत.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनवर काम करणाऱ्या संशोधकांची नजर पुढे वळली ती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांकडे. संध्याकाळ झाली की अंगावर धावून जाणारे, शिव्या देणारे, दार उघडून निघून जाणारे वडील ज्यांनी घरी सांभाळलेत त्यांना ही वेदना सांगायला नको. 2015 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात 220 अल्झायमर रुग्णांवरची चाचणी छापून आली. डेक्स्ट्रोमेथॉर्फन-क्विनिडीनने त्यांचा क्षोभ कमी झाल्याचं दिसलं. मग ओत्सुकाने रेणूतल्या काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेलं रूप आजमावलं, जेणेकरून यकृताला तो फोडायला जड जावा. पण 2024 च्या फेब्रुवारीत कंपनीला जाहीर करावं लागलं की मोठ्या चाचणीत हे नवं रूप दिखाऊ गोळीहून लक्षणीय सरस निघालं नाही.